अज्ञात उगमाचा पिवळा डाग

विश्रामबागेतील कृष्णाई सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पाहुणखोलीत आंघोळीचा जो टब आहे, त्याच्या तळाशी व पाठीकडच्या बाजूला पिवळा डाग आढळून आला. ही बाब संस्थेच्या व्यवस्थापक समितीनं गांभीर्यानं घेतली. मी समितीचा मानद सचिव असल्यामुळं मलाही ती तशीच घ्यावी लागली.

टबाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. बिल्डरनं तो का बसवला, हे पुढं त्यालाही सांगता आलं नाही. त्यात कुणी कधी बसलं नव्हतं. पाणी यायचं नसेल त्या दिवसासाठी तो भरून ठेवायचा, गौरीच्या जेवणाला त्यात भाज्या धुवायच्या आणि एरवी आल्यागेल्याला दाखवायचा. "हा आमचा टब," असं म्हणून आमचे अध्यक्ष भाऊसो मोहिते मोरीतला दिवा लावत. पाहुणे दारातूनच "वा" म्हणत आणि चपला घालायला वळत. सांगलीत आणखी कुठल्या सोसायटीकडं टब असेलही. पण तो इतका पांढरा असेल, असं आम्हाला वाटत नसे.

डागाला आकार होता. मांडी घालून बसलेला, जरासा मागं रेललेला माणूस. वर रुंद पाठ, खाली दोन्हीकडं गुडघ्यांच्या जागा. रंग हळदीसारखा होता. याचं कारण, माझ्या अल्पमतीप्रमाणं, तो हळदीचा होता.

आदल्याच आठवड्यात आमच्या खजिनदार राजेश्वरीबाईंच्या श्रद्धाचं लग्न झालं होतं. मुलाकडची मंडळी साताऱ्याकडची. त्यांना पाहुणखोलीत उतरवलं होतं. नवऱ्या मुलाला, वीरधवलला, हळद लावायची वेळ आली तेव्हा फरशी खराब होईल म्हणून कुणीतरी म्हणालं, टबात बसवा. टबात पाट मावेना, म्हणून तो तसाच बसला. सगळी सोसायटी तिथं हजर होती. बायकांनी गाणी म्हटली, पोरांनी मोबाईलवर चित्रण केलं. भाऊसोंनी तर स्वतः त्याच्या खांद्याला हळद माखली आणि "राजापुरी माल आहे, आपल्या यार्डातला," असंही सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग उष्टी हळद वाटीत घेऊन बायका खालच्या मजल्यावर श्रद्धाला लावायला गेल्या. नवरदेव फोटोवाल्याची वाट बघत टबातच वाळत बसला.

समितीची सभा पाहुणखोलीतच भरली. भाऊसोंनी उभी हयात मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत काढलेली. चिमूटभर हळद तळहातावर चोळून ती कुठल्या शिवारातली, हे ते सांगत. ते टबावर वाकले. डागावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. राजेश्वरीबाई दारात उभ्या होत्या. भाऊसोंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा बोटाकडं.

"काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "पाइपाचा गंज असावा."

"गंजच तो," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "आमच्या बादलीला पण धरतो."

"पण आकार..." मी म्हणालो.

"आकाराचं काय?"

"काही नाही."

त्यांचंही बरोबरच असावं. जावयानं संस्थेचा टब खराब केला असं इतिवृत्तात आलं असतं, तर ते आज ना उद्या साताऱ्यापर्यंत पोचलं असतं. लेक नुकती नांदायला गेलेली. आपल्याकडं मुलीच्या सासरच्यांना कुणी काही विचारत नसतं. ते रागावले आहेत का, एवढंच विचारायचं असतं. तेव्हा मी 'अज्ञात उगमाचा पिवळा डाग' असा शब्दप्रयोग सुचवला. तो सर्वांना फार आवडला. राजेश्वरीबाईंनी मला दुसरा चहा दिला.

उगम अज्ञात ठेवता येतो, जबाबदारी ठेवता येत नाही. पाहुणखोली झाडणं-पुसणं रंगुबाईंकडं होतं. म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आत त्यांनी डाग काढावा, न निघाल्यास त्यांना कामावरून कमी करावं, असा ठराव झाला. रंगुबाई औंधच्या बाजूच्या. आमच्या पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली आहे, तीत राहतात. काम गेलं की खोली गेली, हे ठरावात लिहायची गरज नव्हती.

नोटीस द्यायला मी गेलो. रंगुबाई जिना झाडत होत्या.

"वाचा की," त्या म्हणाल्या. मी वाचली.

"कशाचा डाग म्हनालासा?"

"अज्ञात उगमाचा."

"म्हंजी?"

"म्हणजे, कुठून आला ते माहीत नाही असा."

"आवं सेक्रेटरी, तुमी हुता की हळदीला. खुर्चीवर बसून शिरा खाल्लासा. दोनदा."

"ते खरं आहे, पण..."

"आन नवरदेव कुटं बसला हुता? तुमच्या मांडीवर?"

"रंगुबाई, तसं लिहिता येत नाही."

"मला घालवायचं तेवढं लिवता येतंय व्हय?"

मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारून माझं पेन घेतलं आणि वळणदार सही केली.

"यमाईची आन, काढते डाग," त्या म्हणाल्या. "मंग बघते तुमची सभा."

डाग निर्मूलन उपसमिती नेमण्यात आली. तिच्या पहिल्या बैठकीत धुण्याचा सोडा व गरम पाणी यांचा वापर करण्यास मंजुरी मिळाली. रंगुबाईंनी पदर खोचून सकाळभर घासलं. डाग निघाला नाही, तो लाल झाला.

चांगला कुंकवासारखा लाल. हळदीवर खार पडला की ती लाल होते आणि कुंकू तसंच करतात, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असावं. पण हळद नव्हतीच. त्यामुळं डाग लाल का झाला, याची चौकशी करणं समितीला भाग पडलं.

चौकशी चालू असताना एक वेगळीच अडचण आली. मोरीची खिडकी पूर्वेला आहे आणि तिच्यासमोर दुसरी सोसायटी आहे. तिथल्या वरच्या गॅलऱ्यांतून टब सरळ दिसतो. पांढऱ्या टबात तांबडा, मांडी घातलेला माणूस बघून तिकडच्या मंडळींनी आमच्याकडं कोण गेलं याची विचारपूस सुरू केली. एक गृहस्थ पांढरा सदरा घालून भेटायलाही आले. कुणी गेलेलं नाही म्हटल्यावर जरा नाराज होऊन परतले.

खिडकी तातडीनं झाकायचं ठरलं. भाऊसोंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गच्चीवर पडून होता, त्यातला मापाचा तुकडा कापून खिळ्यांनी ठोकला. त्या तुकड्यात भाऊसोंचा गॉगल, मिशा आणि जोडलेले हात आले. मोरी अंधारली. पण डाग समाजापासून सुरक्षित झाला.

मग तज्ज्ञ बोलावला. औद्योगिक वसाहतीत काम असलेला साईराज नावाचा तरुण होता. त्याच्या कार्डावर 'पृष्ठभाग सल्लागार' असं छापलं होतं. त्यानं बूट न काढता मोरीत जाऊन फोटो घेतले.

"सर, हा स्टेन नाही," तो म्हणाला. "हे डिसकलरेशन आहे."

"फरक काय?" भाऊसोंनी विचारलं.

"स्टेन निघतो, सर. डिसकलरेशन मॅनेज करावं लागतं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मला समजलं नव्हतं. इतरांना समजलं असावं. साईराजनं कुठलंसं ॲसिडचं द्रावण फवारलं, नाकाला रुमाल लावला आणि थोड्या वेळानं आम्हाला आत बोलावलं. डाग पुन्हा पिवळा झाला होता.

"मूळ कंडिशन रिकव्हर झाली," साईराज म्हणाला.

आपला मूळ डाग परत मिळाल्याबद्दल समितीनं त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला. 

पण रंगुबाईंची मुदत चालूच होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा लावला, डाग लाल झाला. साईराज आला, पिवळा झाला. टबाची चकाकी तेवढी गेली. आमच्या भागात साखर कारखान्याची निवडणूक असो की भजनी मंडळाची, दोन पॅनेलं पडल्याशिवाय विषयाला वजन येत नाही. इथंही सोडा पॅनेल आणि ॲसिड पॅनेल पडली. सोडा म्हणजे स्वदेशी, ॲसिड म्हणजे विकास, असे मेसेज फिरू लागले. जिन्यात भेटलं की लोक "काय म्हणतोय डाग?" न विचारता "आज कोणता रंग?" असं विचारत. रंगुबाईंचं काय होणार, हे मात्र कुठल्याच पॅनेलनं विचारलं नाही. मी विचारणार होतो. दोनदा घसाही साफ केला.

अशात श्रद्धा आणि जावईबापू मांडवपरतणीला आले आणि त्यांच्यासोबत जावयाचे आजोबा, निवृत्त सुभेदार गुंडाजी शिंदे, म्हणजे आबासाहेब, हेही आले. राजेश्वरीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आबासाहेबांना पाहुणखोलीतच उतरवावं लागणार होतं आणि पाहुणखोलीला मोरी एकच. शेवटी टबावर नवी चादर अंथरली. चादरीवर एक फळी, फळीवर प्लास्टिकची फुलं. आंघोळीला पलीकडं बादली आणि स्टूल ठेवलं.

सकाळी सुभेदार आंघोळीला गेले आणि आतून हाक आली.

"आवं, कोन हाय का भाईर?"

मी, भाऊसो आणि राजेश्वरीबाई बाहेरच उभे होतो. आम्ही अंदाज घेतच होतो. सुभेदार टॉवेल गुंडाळून दारात आले.

"ह्यो बाबा कोन?" त्यांनी खिडकीकडं बोट केलं. "आंगुळ करायची तर टकामका बघतोय."

"ते आमचे अध्यक्ष," मी म्हणालो.

सुभेदारांनी एकदा फ्लेक्सकडं, एकदा भाऊसोंकडं पाहिलं. "मंग बरं हाय. दोघंबी भाईर जावा." असं म्हणून त्यांनी फ्लेक्स धरून ओढला. तो भाऊसोंच्या मिशीपासून टरकन फाटला. सकाळचं ऊन थेट आत आलं. त्यांनी फुलं उचलली, फळी उचलली, चादर काढली. साईराज नुकताच येऊन गेल्यामुळं डाग पिवळा होता.

"आन ही हळद अजून न्हाई व्हय काढली?" ते म्हणाले. "आमच्या वीरधवलची दिसतीय. म्हशीगत लोळलं असंल बेनं."

मला वाटलं, सुटलो. ज्यांच्या मानापायी बोलायचं नव्हतं, ते स्वतःच बोलले होते. आता ठराव मागं घेतला जाईल, नोटीस रद्द होईल आणि मी घरी जाऊन वाचत पडेन.

"छे छे, आबासाहेब!" राजेश्वरीबाई म्हणाल्या. "हळद कुठली!"

"हळदच की ही."

"गंज आहे," भाऊसो म्हणाले.

"आवं भाऊसो, म्या जल्मभर फौजेत, तरी कळती मला हळद. आन तुमी सांगलीचं!"

"हा आपला मोठेपणा," भाऊसोंनी हात जोडले, अगदी फ्लेक्सवर होते तसे. "म्हणून आपण अंगावर घेताय. पण आबासाहेब, ठराव झालाय. उगम अज्ञात आहे."

सुभेदार माझ्याकडं वळले. "तुमी काय म्हनता, मास्तर? तुमी शिकल्यालं दिसता."

मी मास्तर नव्हतो, कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. पण तो खुलासा करण्याची ती वेळ नव्हती. मी तोंड उघडलं.

"इतिवृत्तात तसंच आहे," मी म्हणालो.

"मंग द्या हिकडं बिरूश. म्याच घासतो. बराकीत लय घासलंय."

त्यांनी ब्रश उचलताच एकच गोंधळ उडाला. लेकीच्या आजेसासऱ्याच्या हातात मोरीचा ब्रश! राजेश्वरीबाईंना रडू फुटलं. भाऊसोंनी ब्रशचं दुसरं टोक धरलं. दोन्हीकडून थोडी ओढाओढ होऊन ब्रश आमच्याकडं आला आणि सुभेदार "काय मानसं हायती गड्या," असं स्वतःशीच म्हणत स्टुलावर बसून आंघोळ करू लागले.

रंगुबाई केरसुणी घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या.

"आयकलासा न्हवं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"ऐकलं."

"मंग लिवा."

"पाहुण्यांचं बोलणं इतिवृत्तात येत नाही, रंगुबाई."

त्यांनी माझ्या पायाजवळची जागा जरा जोरातच झाडली.

पाहुणे गेले. खिडकी उघडीच राहिली. फाटका फ्लेक्स परत लावू देण्यास भाऊसो तयार नव्हते आणि नव्या वाढदिवसाला अवकाश होता. रोज सकाळी ऊन टबात येई आणि दुपारपर्यंत तिथंच बसे. हळदीचा पदर उन्हात वाळत घातला की पिवळेपणा उडतो, हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. पण हळद नव्हतीच, म्हणून इकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी रंगुबाई मला बोलवायला आल्या. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"गेला," त्या म्हणाल्या.

खरंच गेला होता. गुडघ्यांच्या जागासुद्धा राहिल्या नव्हत्या. मी आनंदानं समितीला कळवलं. ते नको होतं करायला. तातडीची सभा बोलावण्यात आली.

"कुणी काढला?" भाऊसोंनी विचारलं.

"कुनी न्हाई," रंगुबाई म्हणाल्या. "आपसूक गेला."

"आपसूक? म्हणजे नेमून दिलेलं काम तुम्ही केलं नाही, हे तुम्हाला मान्य आहे?"

रंगुबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी पेनचं टोपण लावलं.

"आणि काढला असेल," राजेश्वरीबाई म्हणाल्या, "तर कशानं काढला? सोडा की ॲसिड? उद्या दोन्ही पॅनेलं विचारतील."

खरी अडचण पुढंच होती. सर्वसाधारण सभेपुढं विषय होता, 'डागाची प्रत्यक्ष पाहणी व पुढील कार्यवाही'. सगळे सभासद टब बघायला येणार आणि टब पांढरा.

"डागच नसेल तर आम्ही इतके दिवस काय करत होतो?" भाऊसो म्हणाले. त्या वाक्यात मला पहिल्यांदाच भीती ऐकू आली. ती त्यांनी लगेच आवरली. कामात कसूर, शिवाय संस्थेच्या ताब्यातील डाग परस्पर नाहीसा होऊ देणं, या दोन कारणांसाठी रंगुबाईंना सभेनंतर खोली रिकामी करायला सांगावं, असा मसुदा ते मला सांगू लागले.

मी हात वर केला. तो वर गेलेला पाहून मलाच नवल वाटलं.

"डाग पूर्ववत करता येईल," मी म्हणालो.

"कसा?"

"उगम अज्ञात आहे, हे मला मान्य आहे. पण हळद लावली तर... साधारण तसाच दिसेल."

राजेश्वरीबाईंनी डोळे बारीक केले. "हळद? हुबेहूब दिसेल?"

"बऱ्यापैकी."

"राजापुरी घ्यावी लागेल," भाऊसो ताबडतोब म्हणाले. "दुसरी चालणार नाही."

"आणि तो टिकवावा लागेल," मी घाईघाईनं म्हणालो. एवढं सलग मी समितीपुढं कधी बोललो नव्हतो. "खिडकी झाकणं, वेळोवेळी बघणं. त्याला कायमचं माणूस लागेल."

"रंगुबाई आहेत की," भाऊसो म्हणाले.

ठराव एकमतानं मंजूर झाला. दोन्ही पॅनेलांच्या प्रतिनिधींनी एका बाजूनं मत देण्याची ही पहिलीच वेळ. आकारासाठी माणूस लागणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते भाऊसोंच्या आलं. सचिव या नात्यानं ते काम पदसिद्ध माझ्याकडं आलं.

सत्तरी उलटलेला, विधुर, बनियन आणि पट्ट्याची चड्डी घातलेला मी टबात मांडी घालून बसलो. बायकांनी आंब्याच्या पानानं सुरुवात केली. मग कुणाला तरी राहवेना आणि हळदीचं गाणं सुरू झालं. सगळ्यांत जोरात रंगुबाई चोळत होत्या.

"हलू नगासा, आकार बिघडंल."

"खोली राहिली ना, रंगुबाई?"

"राहिली." त्यांनी माझ्या पाठीवर पसाभर हळद थापली. "पर येळेला खरं बोलला असतासा, तर म्हातारपनी टबात बसायची पाळी आली नसती."

"ते खरं आहे," मी म्हणालो.

सर्वसाधारण सभेनं रांगेनं येऊन डाग पाहिला. पूर्वीपेक्षा पाठ अरुंद दिसते, अशी हरकत एका सभासदानं घेतली. डाग काळानुसार आकसतो, असा खुलासा करण्यात आला आणि तो मान्य झाला. खिडकीवर आता नवा फ्लेक्स आहे. रंगुबाई आठवड्याला डागावर चिमूटभर राजापुरी ओल्या बोटानं फिरवतात. त्यांचं काम पक्कं झालं आहे. डाग आहे तोवर त्याला धक्का नाही.

तुम्ही कधी विश्रामबागेत आलात तर जरूर या. भाऊसो दिवा लावतील. मोरीत ओळखीचा वास येईल, तुमच्या स्वतःच्या अंगाला एकदा तरी लागलेला. पिवळा डाग दिसेल, मांडी घालून बसलेला. भाऊसो विचारतील, "काय वाटतं तुम्हाला?" आणि तुम्ही तोंड उघडण्याआधी एकदा दाराकडं बघाल, तिथं कोण उभं आहे ते. मग म्हणाल, "गंज असावा."

तुम्हाला आमच्याकडं दुसरा चहा मिळेल.